डाग असलेली द्राक्षं चालतील का? सोसायट्यांच्या फळगटांना खुलं पत्र

मुलुंड पूर्व,
पितृपक्षातला रविवार

मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांच्या 'थेट शेतातून' गटांचे ॲडमिन आणि समस्त ग्राहक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच एक. आमच्या सोसायटीच्या फळगटाची ॲडमिनकी माझ्या गळ्यात पडली त्याला सहा वर्षं झाली. घोलवडचे चिकू आणि देवगडचा हापूस दुसरे बघतात. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, त्यामुळे द्राक्षं माझ्याकडे. दादाची साडेतीन एकर बाग आहे. त्यातल्या एका एकरात तो गेली काही वर्षं कीडनाशकांशिवाय जमतं का ते बघतोय. आपल्याकडे येतात ती त्या एकरातली.

पत्र लिहायला निमित्त झालं ते मार्चअखेर. पहाटे साडेपाचला कसारा उतरून आलेला टेम्पो गेटवर लागला, वॉचमनच्या टेबलाशेजारी क्रेट उतरले, आठपर्यंत ज्याने त्याने आपापली पिशवी नेली. सव्वानऊला गटावर फोटो आला. हिरव्या मण्यावर एक पांढरी, झिपरी, कापसाच्या बोळ्यासारखी अळी. खाली एकच ओळ : "हेच का ते विषमुक्त?" पुढे काय झालं असेल ते ॲडमिन मंडळींना सांगायला नको. दुपारपर्यंत अकरा घरांनी पिशव्या वॉचमनकडे परत आणून ठेवल्या. एक काका तक्रार करतो म्हणाले. कुणाकडे करायची, ते मात्र त्यांचं संध्याकाळपर्यंत ठरेना.

मी फोटो मोठा करून पाहिला आणि दादाला पाठवला. त्याचा फोन आला तेव्हा तो हसत होता. "अगं, हा तर आपला माणूस आहे!"

ती अळी क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची होती. बागाईतदार त्याला नुसतं 'क्रिप्टो' म्हणतात. भुंगा असतो जेमतेम तिळाएवढा, तपकिरी डोक्याचा आणि काळ्या पाठीचा. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात आणला गेला १८९८ साली. त्याचं मुख्य खाणं मिलीबग. मिलीबग म्हणजे पिठ्या ढेकूण. तो खोडाच्या सुटलेल्या सालीखाली आणि वेलीच्या आडव्या फांद्यांच्या, म्हणजे ओलांड्यांच्या, खाचाखोचांत लपतो, मणी गोड व्हायला लागले की घडात उतरतो, रस शोषतो आणि मागे चिकट गोड स्राव सोडतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते. असा घड कुणी हातात धरत नाही, बेदाण्यालाही जात नाही. त्या गोड स्रावासाठी मुंग्या मिलीबगची राखण करतात. त्याला अंगाखांद्यावर घेऊन एका वेलीवरून दुसऱ्या वेलीवर पोचवतात आणि खायला येणाऱ्याला हाकलून लावतात. क्रिप्टोची अळी मात्र मिलीबगसारखाच पांढरा मेणाचा झगा घालून त्यांच्यात शिरते. राखणदार मुंग्यांना चकवते आणि एकेक मिलीबग फस्त करते. मुंग्या फसतात, तिथे आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मंडळींचं काय घेऊन बसलात!

राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण रात्री आमच्याच गटाचे फेब्रुवारीतले निरोप उघडून बसले. मागणी नोंदवताना लोकांनी लिहिलेलं पुन्हा वाचलं : मणी मोठे हवेत, एकसारखे हवेत, डाग नको, चिकट नको, वर पांढरं नको, आणि केमिकल अजिबात नको. हे सगळं एकाच वाक्यात! विषमुक्त हा शब्दही माझा नव्हता, गटातच कुणीतरी चिकटवून दिला होता, आणि मी तो खोडला नाही. ती चूक माझी.

त्या वाक्याचे दोन तुकडे एकमेकांशी भांडतात, हे सांगायलाच हे पत्र.

डागाचंच घ्या. मण्यावर बारीक तपकिरी, खरबरीत चट्टा दिसतो, वाळलेल्या खपलीसारखा. आपण तो सडका समजून बाजूला काढतो. तो बहुतेक वेळा फुलकिड्याचा असतो. बाग फुलोऱ्यात असते, मणी अजून मोहरीएवढे असतात, तेव्हा हा केसाएवढा किडा त्यांची कोवळी साल खरवडतो. मणी फुगतो तशी ती खरवड ताणली जाते आणि चट्टा होऊन बसते. फेब्रुवारीत तो चट्टा तुमच्या ताटलीत येतो तेव्हा किडा जाऊन तीन महिने झालेले असतात. चवीत फरक नाही, गोडीत नाही, तब्येतीलाही काही अपाय नाही. फरक पडतो तो फक्त दिसण्यात. आणि त्या दिसण्यासाठी फुलोऱ्यापासून मणी सेट होईपर्यंत बागेत औषध चालू असतं. शेतकरी कीडनाशकाला 'औषध' म्हणतो, मीही तोच शब्द वापरते. वाशीच्या फळबाजारात पेटी उघडली की आधी वरचा थर बघतात. त्यात चार चट्टे दिसले की भाव उतरतो. दादाच्या एका एकरात निळे आणि पिवळे चिकट सापळे टांगलेले असतात. निळ्यावर फुलकिडे येतात, पिवळ्यावर तुडतुडे. निंबोळी अर्क असतो, बिव्हेरियासारख्या, किडीला मारणाऱ्या मित्रबुरशी असतात. त्याने फुलकिडे कमी होतात, संपत नाहीत. उरतात तितके चट्टे येणारच.

आता 'पांढरं'. मण्यावरचा धुरकट पांढुरका थर, बोट फिरवलं की पुसला जातो, त्याला आपल्या गटात 'पावडर' म्हणतात. दरवर्षी कुणीतरी त्याचा फोटो टाकतंच. ते वेलीचं स्वतःचं मेण आहे. त्याने मण्यातलं पाणी उडत नाही. घड जितका कमी हाताळलेला तितका हा थर शाबूत. खरं औषध असं बोटाला लागून दिसेलच असं नाही. जे वेलीच्या अंगात भिनतं, ते मिठाच्या पाण्याने किंवा खायच्या सोड्याने धुऊनही निघत नाही. वरवरचं तेवढं धुतलं जातं. धुवाच, मी नको म्हणत नाही. पण धुण्यावर सगळी भिस्त ठेवायची आणि चकचकीत पुसलेला घड 'स्वच्छ' म्हणून निवडायचा, हे काही बरोबर नाही.

मोठ्या मण्यांचं थोडक्यात सांगते. थॉमसन जातीचा मणी वेलीवर आपापला एवढा फुगत नाही. घड जिब्रेलिक ॲसिड या वाढीच्या संप्रेरकाच्या पाण्यात बुडवतात, त्याला डिपिंग म्हणतात. ते दादा त्या एकरात करत नाही. म्हणून आपल्याकडे येणारा मणी लहान आणि घड दाटीचा असतो. दाटी सुटावी म्हणून कात्रीने मणी विरळ करावे लागतात, आणि ते काम करणाऱ्या बायका सुरगाणा-पेठकडच्या पाड्यांवरून येतात. वहिनी त्यांच्याबरोबर उभी असते. दिवसभर मान वर आणि हात वर, मांडवाखाली. किलोमागे भाव का जास्त, असं विचारलंत तर त्यातला मोठा भाग त्या मानांचा आहे.

आणि याच बायका-माणसांमुळे 'विषमुक्त' या शब्दाकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघते. आपण विचारतो, माझ्या पोटात किती जाणार? ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागचं फवारणीचं यंत्र, चालवणारा पोरगा पाठीमागे उडणाऱ्या तुषारात दर दोन-चार दिवसांनी तासन् तास असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर गेले. द्राक्षाची बाग आणि कापसाचं शेत यांची औषधं वेगळी, पद्धत वेगळी. नाक तेच.

'सेंद्रिय' शब्दाचंही बोलायला हवं, कारण दोन-तीन गटांच्या जाहिराती माझ्याकडेही फिरत आल्या. त्यांत 'शंभर टक्के ऑरगॅनिक, रसायन शून्य' असं लिहिलं होतं, खाली ना प्रमाणपत्राचा नंबर, ना गावाचं नाव. सरकारी सेंद्रिय नियमांत द्राक्षासारख्या बहुवार्षिक पिकाला पहिल्या सेंद्रिय खुड्याआधी ३ वर्षं रूपांतराची घालवावी लागतात. त्या काळात खर्च सेंद्रियचा आणि भाव साध्याचा. पाकिटातल्या सेंद्रिय मालावर सरकारी खूण असते. थेट विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला प्रमाणपत्राच्या अटीतून सूट आहे, पण ती खूण त्याला वापरता येत नाही. मग त्याच्याकडून घेताना विश्वास कशावर ठेवायचा, हा प्रश्न आपलाच राहतो. त्याकडे खाली येते.

सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, हाही गैरसमज. डाऊनीला, म्हणजे केवड्याला, खाणारा कुठलाही भुंगा नाही. ती बुरशी ओल्या पानावर रात्रीत रुजते. १८७८ च्या सुमारास ती अमेरिकेतून फ्रान्सला पोचली आणि तिथल्या बागा कोलमडायला लागल्या. बोर्दो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, आणि चुना शिंपडत असत. कशासाठी? येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडून खाऊ नयेत म्हणून. निळी-हिरवी पुटं बघून कुणी हात लावत नसे. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की डाऊनी या वेलींना शिवत नाही. १८८५ मध्ये त्यांनी ते छापून जाहीर केलं आणि बोर्डो मिश्रण जन्माला आलं. चोरांसाठीचा उपाय आज सेंद्रिय शेतीतही चालतो. पण तांबं मातीत पडलं की तिथेच राहतं, कुजत नाही, विरत नाही. म्हणूनच युरोपात सेंद्रिय बागेलाही ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोपेक्षा जास्त तांबं वापरता येत नाही. शिवाय बोर्डो मारलं की कालच फवारलेली मित्रबुरशीही मरते. भुरीसाठी, म्हणजे पांढरी पूड धरणाऱ्या दुसऱ्या बुरशीसाठी, गंधक मारावं तर तेही काही मित्रकिडींना सोसत नाही. दादाच्या वहीत म्हणूनच दोन फवारण्यांमधले दिवस लाल पेनाने मोजलेले असतात. वहिनी त्या वहीला 'पत्रिका' म्हणते. कुणाचं कुणाशी जमतं, कुणाचा मंगळ.

नैसर्गिक नियंत्रणाचं बरंचसं काम तर फवारणी नसलेलंच आहे. खरड छाटणीनंतर, म्हणजे उन्हाळ्यातल्या छाटणीनंतर, खोडाची सुटलेली साल सोलून काढायची, म्हणजे मिलीबगला घर राहत नाही. बुंध्याला चिकट पट्टा बांधायचा, म्हणजे मुंग्यांची ये-जा थांबते. घडाभोवतीची पानं काढायची, म्हणजे वारा खेळतो आणि दव लवकर वाळतं. ओळींमध्ये ताग पेरायचा. मग पावसाळा सरता सरता क्रिप्टो सोडायचे. हे भुंगे प्रयोगशाळेत लाल भोपळ्यावर वाढवतात. आधी भोपळ्यावर मिलीबग पोसायचा, मग त्याच्यावर भुंगा. आमच्या आईला हे कळल्यापासून ती भोपळ्याची भाजी करताना दर वेळी सांगते. बागेत सोडल्यावरही सगळं सुरळीत होतं असं नाही. निफाडची थंडी तुम्ही बातम्यांत वाचता, पारा एक आकडी जातो. तेव्हा क्रिप्टो गारठून बसतो, आणि उन्हं तापली की पुन्हा कामाला लागतो. म्हणून तर तो आपल्याला मार्चअखेरच्या क्रेटमध्ये भेटला.

आणि हे सगळं करूनही वाया जायला एक दिवस पुरतो. २६ नोव्हेंबर २०२३. निफाड तालुक्यात गारा पडल्या. पानं चाळणी झाली, मणी फुटले, नंतर पाऊस आणि ढगाळ हवा. दादाच्या त्या एकराचं रूपांतराचं दुसरं वर्ष चालू होतं. त्याने पाच दिवस बोर्डोवर काढले. सहाव्या दिवशी पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लव दिसली आणि त्याने आंतरप्रवाही, म्हणजे वेलीच्या अंगात भिनणारं, रासायनिक बुरशीनाशक मारलं. मला फोन करून सांगितलं. "सोड, गेली दोन वर्षं," एवढंच म्हणाला. प्रमाणपत्राची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. तेव्हापासून मी त्या द्राक्षांना गटावर सेंद्रिय म्हणत नाही. काय मारलं आणि कधी मारलं तेवढं लिहिते. त्याने चूक केली असं मला वाटत नाही. त्या सहाव्या दिवशी त्याच्याकडे एकाही गिऱ्हाईकाचा शब्द असता की घड कमी आले, डागी आले तरी आम्ही घेऊ, तर त्याने अजून थांबून पाहिलं असतं का, हे मला आजही माहीत नाही. विचारायचा धीर होत नाही.

म्हणून आता, पितृपक्षात लिहितेय. आपण मागणी नोंदवतो जानेवारी-फेब्रुवारीत. तोवर बागेत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. औषध मारायचं की थांबायचं हे ठरतं गोड छाटणीनंतरच्या, म्हणजे फळासाठी केलेल्या छाटणीनंतरच्या, पहिल्या पन्नास-साठ दिवसांत, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या वेळी शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर तुमचं घर नसतं, वाशीची पेटी असते. तर आपल्या गटांनी नोंदणी दसरा-दिवाळीत करावी आणि निम्मे पैसे तेव्हाच द्यावेत. गार पडली तर माल कमी येईल, ती तूट शेतकऱ्याने आणि आपण वाटून घ्यायची. हे आधी कागदावर लिहून घ्या, नंतर गटावर लिहिण्यापेक्षा बरं.

डागी घड 'दोन नंबर' म्हणून निम्म्या भावात मागू नका. निम्म्या भावात मागितलात की पुढच्या वर्षी तो फवारूनच येईल.

आणि विशेषणाऐवजी कागद मागा. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडले. त्यात क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला होता, आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नावच नव्हतं. बागाईतदार त्या हंगामात होरपळून निघाले. युरोपला जाणाऱ्या मालाची व्यवस्था आज अशी आहे की बागेची नोंदणी होते, खुड्याआधी बागेतून नमुना उचलला जातो, प्रयोगशाळेत कीडनाशकांचे अंश तपासतात आणि अहवाल चांगला आला तरच माल निघतो. मुंबईत हातगाडीवर येणाऱ्या घडामागे असा कागद नसतो. तपासणीला काही हजार रुपये लागतात. एका घराला जड, साठ घरांना वाटून घेतले तर एका पिझ्झाहून कमी. आम्ही यंदा हे करणार आहोत. खुड्याच्या आधीच्या आठवड्यात नमुना जाईल आणि अहवाल जसा येईल तसा गटावर टाकेन. वाईट आला तरी. दादाच्या बांधापलीकडे दुसऱ्याची बाग आहे, तिथला ब्लोअर वाऱ्यावर चालतो, कडेच्या ओळी आम्ही वेगळ्या विकतो, तरी काहीतरी निघू शकतं. निघालं तर बोलू.

ज्यांना अहवालातल्या आकड्यांची भीती वाटते त्यांनी शेतकऱ्याकडे निदान फवारणीची वही मागा. शेवटचं औषध कोणतं, किती तारखेला, आणि त्या औषधाला काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं असतं. जो वही दाखवतो त्याच्याकडून घ्या, मग वहीत रासायनिक औषध लिहिलेलं असलं तरी चालेल. वही नाही म्हणणाऱ्या 'शंभर टक्के'वाल्यापेक्षा तो बरा. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, १९९७ पासून. ट्रायकोडर्मा, बॅसिलससारख्या उपयोगी बुरशी-जिवाणूंवर तिथे काम झालेलं आहे. शेतकरी तिथले सल्ले वाचतात. आपल्या गटातल्या शंका विचारायला रात्री साडेअकराला मला व्हॉइस मेसेज पाठवण्यापेक्षा ते वाचणं सोपं आहे, हे जाता जाता.

आमच्या गटाची नोंदणी दसऱ्याला उघडेल आणि भाऊबीजेला बंद. दुसऱ्या सोसायट्यांना त्याच टेम्पोत माल हवा असेल तर ॲडमिननी एकमेकांशी बोला. अर्धा टेम्पो रिकामा येतो, भाडं पूर्ण द्यावं लागतं. मणी लहान असतील. काहींवर चट्टे असतील. क्रेटमध्ये एखादा किडा असेल. हे नोंदणीच्या अर्जावर पहिल्याच ओळीत लिहिणार आहे, त्याखाली सही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक ॲडमिन

ता. क. : त्या फोटोतल्या अळीचं पुढे काय झालं, असं दोघा-तिघांनी खाजगीत विचारलं. ती परत आलेल्या पिशवीतच होती. माझ्या खिडकीतल्या जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस धरला होता, मुंबईत जास्वंद लावलेल्या प्रत्येकाला तो माहीत असेल. तोही मिलीबगच, दादाच्या बागेतल्याच जातीचा. तिथे तिला सोडली. चार दिवस दिसत होती.